यंत्रांचे आवाज कागदावर कसे दिसतात? फक्त अक्षरांतून ध्वनी सांगणारं पोस्टर करण्याची रीत

मोबाइलचा गजर. मिक्सरची घरघर. कुकरची शिट्टी. लिफ्टमधली 'कृपया दरवाजा बंद करा' ही एकसुरी विनंती. वडापावच्या गाडीवर 'वीस रुपये प्राप्त झाले' असं मोठ्यानं जाहीर करणारा साउंडबॉक्स. सकाळी उठल्यापासून कामावर पोहोचेपर्यंत यंत्रं आपल्याशी किती वेळा बोलतात, हे आपण कधी मोजत नाही. आपल्याला ते आवाज ओळखता येतात, पण वर्णन करायला सांगितलं तर अडखळायला होतं.

ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्यांना म्हणूनच एक अभ्यास दिला जातो. रोजच्या वापरातल्या एखाद्या यंत्राचा आवाज निवडायचा आणि फक्त अक्षरं वापरून त्याचं पोस्टर करायचं. चित्र नाही, फोटो नाही, यंत्राचं नाव लिहायचीही गरज नाही. ऐकायला सोपं वाटतं. बहुतेक जण 'टिंग' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहितात, भोवती दोन-चार लाटा काढतात आणि काम झालं असं समजतात. पण त्या कागदाकडे पाहून 'टिंग' किती मोठा होता, किती वेळ टिकला, एकदा झाला की तीनदा, यातलं काहीच कळत नाही.

मग आवाज खरोखर अक्षरांत कसा उतरवायचा? आणि देवनागरीत ते करताना वेगळं काय करावं लागतं? समजून घेऊ.

ही कल्पना आली कुठून?

यंत्रांच्या आवाजाने छापील अक्षरांची शिस्त मोडण्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीत झाली. फिलिप्पो तोमासो मारिनेत्ती या कवीने १९०९ मध्ये 'भविष्यवादा'चा जाहीरनामा प्रसिद्ध केला. वेग, मोटारी, कारखाने, विमानं यांचं त्याला विलक्षण आकर्षण होतं. १९१२ च्या बाल्कन युद्धात एड्रियानोपल या शहराला (आजचं तुर्कस्तानातलं एदिर्ने) वेढा पडला, तो त्याने वार्ताहर म्हणून पाहिला. त्यावर बेतलेलं 'झांग तुंब तुंब' हे त्याचं पुस्तक १९१४ मध्ये आलं. नावातच तोफेचा आवाज आहे. आतल्या पानांवर लहानमोठी, तिरकी, जाड-बारीक अक्षरं स्फोटांसारखी विखुरलेली आहेत. त्याआधी १९१३ मध्ये त्याचा सहकारी लुइजी रुसोलो याने 'गोंगाटाची कला' हा जाहीरनामा लिहून यंत्रांच्या आवाजांनाही संगीत मानावं अशी मागणी केली होती.

हे सांगताना एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मारिनेत्तीला युद्धाचाच गौरव करायचा होता आणि पुढे तो मुसोलिनीच्या बाजूने उभा राहिला. त्याची छपाईची युक्ती मात्र त्याच्या राजकारणापासून सुटी होऊन जगभर पसरली.

पुढे ती अनेकांनी आपापल्या कामासाठी वापरली. फ्रान्समध्ये मासँ या ग्रंथसजावटकाराने १९६४ मध्ये आयनेस्को यांच्या 'द बाल्ड सोप्रानो' या नाटकाचं पुस्तक असं मांडलं की, प्रत्येक पात्राला स्वतंत्र अक्षरवळण मिळालं आणि भांडण वाढलं की अक्षरंही वाढत गेली. न्यूयॉर्कमध्ये पॉला शेर यांनी १९९५ मध्ये पब्लिक थिएटरच्या टॅप नृत्याच्या एका संगीतिकेसाठी केलेल्या पोस्टरमध्ये नर्तकाभोवती लहानमोठ्या जाड अक्षरांची अशी दाटी केली की बुटांचा ठेका डोळ्यांना जाणवावा.

स्वित्झर्लंडमध्ये योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांनी १९६० मध्ये याच्या उलट दिशेने विचार केला. त्यांचं पोस्टर गोंगाटाच्या विरोधात होतं. कान झाकून घेतलेली व्यक्ती आणि तिरके बसवलेले दोनच शब्द, ज्यांचा अर्थ 'आवाज कमी'. म्हणजे अक्षरांतून आवाज वाढवता येतो, तसा तो कमी करा असंही सांगता येतं.

आधी ठरवा: हा आवाज कुणासाठी आहे?

यंत्रांचे आवाज साधारण तीन प्रकारचे असतात. पोस्टर सुरू करण्याआधी आपला आवाज कुठल्या प्रकारात बसतो हे ठरवलं, तर पुढचं काम सोपं होतं.

पहिला प्रकार यंत्र चालताना आपोआप होणाऱ्या आवाजांचा. पंख्याची घरघर, टाइपरायटरची टकटक, लोकलचा खडखडाट. हे आवाज कुणी मुद्दाम केलेले नसतात. त्यांत धातू, हवा, घर्षण असतं, म्हणून त्यांचा पोत महत्त्वाचा.

दुसरा प्रकार यंत्रांनी यंत्रांशी बोलण्याचा. फोनचं बटण दाबल्यावर येणारे सूर किंवा जुन्या डायल-अप मोडेमचा किंचाळा. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हापासून पुढची काही वर्षं हा किंचाळा आपल्या घराघरांत ऐकू येत होता. दोन मोडेम आधी फोनची लाइन किती स्वच्छ आहे ते तपासायचे, मग किती वेगाने बोलायचं ते ठरवायचे. तो संवाद माणसासाठी नव्हताच. लाइन व्यस्त आहे का, पलीकडे चुकून माणसाने फोन उचलला का, हे कळावं म्हणून फक्त मोडेमचा स्पीकर तेवढा वेळ चालू ठेवलेला असायचा.

तिसरा प्रकार माणसासाठी मुद्दाम घडवलेल्या आवाजांचा. विंडोज ९५ सुरू होतानाचा सूर ब्रायन ईनो या संगीतकाराने रचला होता. नोकियाची प्रसिद्ध रिंगटोन फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ च्या रचनेतून घेतलेली आहे. इथे पोतापेक्षा सूर आणि काल यांना महत्त्व.

आवाजाचे गुण, अक्षराचे गुण

कुठलाही आवाज चार गोष्टींनी सांगता येतो. प्रत्येक गुणासाठी अक्षराचा एक गुण ठरवून घ्यायचा.

मोठेपणा: आवाज जेवढा मोठा तेवढं अक्षर मोठं किंवा जाड.

पट्टी: बारीक, उंच आवाज कागदावर वरच्या बाजूला आणि सडपातळ अक्षरांत. खर्जातला आवाज खाली आणि जाड अक्षरांत.

कालावधी: आवाज जितका वेळ टिकतो, तितकी अक्षराची आडवी लांबी.

पोत: स्वच्छ सुरासाठी नितळ कडा, खरखरीसाठी फाटलेल्या, तुटक किंवा एकमेकांवर चढलेल्या कडा.

पाचवी गोष्ट सहज विसरली जाते, ती म्हणजे शांतता. दोन आवाजांमधला मोकळा वेळ कागदावर मोकळ्या जागेनेच दिसतो. कुकरची शिट्टी आपल्याला दचकवते, कारण तिच्या आधी काही मिनिटं काहीच झालेलं नसतं. पोस्टरचा तीन चतुर्थांश भाग कोरा ठेवायची तयारी नसेल, तर ती शिट्टी कागदावर वाजणार नाही.

या साऱ्यात एकच नियम कठोरपणे पाळावा लागतो. एक सेंटिमीटर म्हणजे किती वेळ, किंवा अक्षराची दुप्पट उंची म्हणजे किती आवाज, हे एकदा ठरलं की शेवटपर्यंत बदलायचं नाही. मध्येच 'इथे जरा मोठं छान दिसेल' म्हणून अक्षर वाढवलं, की पाहणाऱ्याचा डोळा नियम शोधणं सोडून देतो आणि पोस्टर नुसती सजावट होतं.

मराठीने हे काम आधीच केलं आहे

इंग्रजीतली उदाहरणं पाहून काम करणारे एक गोष्ट विसरतात. मराठीकडे आवाजाच्या शब्दांचा मोठा साठा तर आहेच, पण त्या शब्दांची घडणच आवाजाची लय सांगते. 'खण' हा एकच ध्वनी घ्या.

खणकन म्हणजे एकदाच, अचानक. नाणं फरशीवर पडलं, संपलं.

खणखण म्हणजे सारख्या अंतराने, पुन्हा पुन्हा. जुन्या फोनची घंटा.

खणाखण म्हणजे वेगाने, मध्ये उसंत न देता. मधल्या 'आ'ने दोन ध्वनी एकमेकांना जोडून टाकले.

खणखणाट म्हणजे इतके आवाज एकत्र, की वेगळे मोजता येत नाहीत. निवडणुकीच्या निकालाच्या रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीत एकाच वेळी वाजणारे सगळे फोन.

आता हे चार शब्द चार पोस्टरच्या रचना म्हणून पाहा. खणकन: कोऱ्या कागदावर एकच शब्द, मधोमध नव्हे, थोडा बाजूला. खणखण: दोन सारखी अक्षरं, सारखं अंतर. खणाखण: अंतर शून्यावर आलेलं. खणखणाट: अक्षरं एकमेकांवर चढून कागदाच्या कडेबाहेर गेलेली. शब्द निवडतानाच अर्धी रचना ठरते.

वर्णही आपापला पोत घेऊन येतात. ट, ठ, ड हे कठीण वस्तूंच्या आपटण्याला बसतात: टकटक, ठकठक, धडधड. र आणि ख आले की घर्षण येतं: घरघर, खरखर, खर्रर्र. अनुस्वार आला की आवाज घुमतो: टिंग, घूं, भों. शेवटी पाय मोडला की आवाज तिथेच तुटतो. 'टक' आणि 'टक्' मोठ्यानं म्हणून पाहा, फरक कानाला कळेल. म्हणून यंत्राचा आवाज ऐकल्यावर पहिल्यांदा कागदावर त्याचे आठ-दहा मराठी स्पेलिंग लिहून काढावेत, तेही शब्दकोशात न पाहता, कान जे सांगेल ते.

गंमत म्हणजे 'फोन खणखणला' असं आपण अजून लिहितो. खिशातला मोबाइल तर खणखणत नाही, तो थरथरतो किंवा गाणं म्हणतो. यंत्र गेलं, आवाज गेला, शब्द राहिला.

शिरोरेषा: देवनागरीची खास सोय

रोमन अक्षरं सुटी उभी असतात. देवनागरीत डोक्यावरची रेघ त्यांना बांधून ठेवते. आवाजाच्या पोस्टरसाठी ही रेघ फार कामाची आहे.

फ्रिजची अखंड गुणगुण दाखवायची आहे? 'घूं' लिहा आणि त्याची शिरोरेषा कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढा. फ्रिजची मोटर बंद होते तिथे रेघ थांबवा. घरात नेमकी त्याच क्षणी शांतता जाणवते, तशीच ती कागदावर दिसेल. खराब नेटवर्कमध्ये तुटणारा फोन दाखवायचा आहे? 'हॅलो, ऐकू येतंय का' हे वाक्य लिहून शिरोरेषेचे तुकडे करा. अक्षरं वाचता येतील, पण संभाषण तुटतंय हेही कळेल.

आवाज लांबवण्यासाठी अवग्रह आहेच. 'अरेऽऽऽ' असं आपण हाक मारताना लिहितो, तो 'ऽ' लिहिलेल्या मराठीत आवाजाची लांबी दाखवतो. ह्रस्व-दीर्घ मात्रा तर शाळेपासून माहीत आहेत: 'टि' आखूड, 'टी' लांब.

उदाहरण पहिलं: नोकियाचा मेसेज

ज्यांनी २००० च्या आसपास नोकियाचा फोन वापरला, त्यांच्या कानात एक आवाज पक्का बसलेला आहे: तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड. हा सूर सहज सुचलेला नव्हता. मोर्स लिपीत तीन टिंब म्हणजे 'एस' आणि दोन रेघा म्हणजे 'एम'. फोन चक्क 'एस एम एस' असं म्हणत होता.

मोर्स लिपीचं मोजमाप ठरलेलं आहे. टिंब एक मात्रा, रेघ तीन मात्रा. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा. बेरीज करा: 'एस' पाच मात्रा, 'एम' सात, पुन्हा 'एस' पाच आणि मधल्या दोन शांतता मिळून सहा. एकूण २३. आता एक मात्रा म्हणजे एक सेंटिमीटर धरला, तर हा सगळा आवाज २३ सेंटिमीटरांत बसतो. ए-३ आकाराचा कागद उभा धरला तर त्याची रुंदी २९.७ सेंटिमीटर असते. म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वातीन सेंटिमीटरांहून थोडी जास्त जागा सोडून सगळा मेसेज एका ओळीत येतो.

आणि इथे आपल्या व्याकरणाचा एक सुंदर योगायोग आहे. संस्कृत व्याकरणात स्वरांचे तीन काल मानले आहेत: ह्रस्व एक मात्रा, दीर्घ दोन मात्रा, प्लुत तीन मात्रा. मोर्सचं टिंब म्हणजे ह्रस्व आणि रेघ म्हणजे प्लुत. तेव्हा 'टि टि टि, टीऽ टीऽ, टि टि टि' असं लिहिलं तर हिशोब अचूक जुळतो. 'टि' एक सेंटिमीटरमध्ये, 'टीऽ' तीन सेंटिमीटरमध्ये, मधल्या जागा मोजून सोडलेल्या. कागदाच्या उरलेल्या उंचीवर काहीही नको. हा फोन टेबलावर पडलेला असताना अचानक वाजायचा आणि गप्प व्हायचा. पोस्टरनेही तेच करावं.

उदाहरण दुसरं: फोनची बटणं

बटणांच्या फोनवर आकडा दाबला की एक सूर येतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते दोन सूर असतात. १९६३ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीने आणलेल्या टचटोन पद्धतीत प्रत्येक आडव्या ओळीला एक खालचा सूर आणि प्रत्येक उभ्या रांगेला एक वरचा सूर दिला आहे. ओळींचे सूर ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. रांगांचे १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ. ५ दाबला की ७७० आणि १३३६ एकत्र वाजतात. बोलण्यात किंवा आजूबाजूच्या गोंगाटात नेमके हे दोन सूर एकाच वेळी येण्याची शक्यता फार कमी, म्हणून एक्सचेंजची फसगत होत नाही.

हे पोस्टर जवळजवळ आपोआप तयार होतं. चार आडवे पट्टे, तीन उभे पट्टे. खालच्या सुरांचे आडवे पट्टे जाड, वरच्या सुरांचे उभे पट्टे बारीक. जिथे ते छेदतात तिथे देवनागरी आकडा. आता एखादा फोन नंबर निवडून त्या क्रमाने आकडे ठळक करत गेलात, तर त्या नंबरचं गाणं दिसू लागतं. मात्र खरा नंबर वापरू नका. पोस्टर भिंतीवर लागणार आहे. १०० किंवा १०१ असे सगळ्यांना माहीत असलेले नंबर पुरेसे आहेत.

उदाहरण तिसरं: हॉर्न, आणि मापाचा प्रश्न

वरची दोन पोस्टर करमणुकीची. तिसऱ्यात थोडी जबाबदारी आहे.

भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. जानेवारी २०२० मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी एक प्रयोग जाहीर केला होता. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. जितके हॉर्न वाजवाल, तितका वेळ थांबाल.

समजा, सोसायटीच्या फाटकावर लावायला हॉर्नविरोधी पोस्टर करायचं आहे. ४५ डेसिबलची शांत रात्र आणि ८५ डेसिबलचा हॉर्न, दोन्ही एकाच कागदावर. अक्षरं किती मोठी असावीत?

डेसिबल हे सरळ चढत जाणारं माप नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. ४५ पासून ८५ म्हणजे ४० डेसिबल, म्हणजे दहा हजार पट. 'झोप' हा शब्द एक सेंटिमीटर उंच लिहिला, तर त्या हिशोबाने हॉर्नचा 'पों' शंभर मीटर उंच करावा लागेल. कान मात्र असं मोजत नाही. ढोबळमानाने १० डेसिबल वाढले की आपल्याला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. चार वेळा दुप्पट म्हणजे सोळापट. 'झोप' एक सेंटिमीटर, 'पों' सोळा सेंटिमीटर. हे ए-३ कागदावर बसतं.

पण अजून एक खाचखळगा आहे. अक्षर उंचीला सोळापट केलं, की त्याच प्रमाणात रुंदीही वाढते आणि व्यापलेली जागा २५६ पट होते. डोळा नेमका कशाकडे पाहील, उंचीकडे की काळ्या जागेकडे? जागेने मोजायचं ठरवलं, तर सोळापट आवाजासाठी उंची फक्त चौपट हवी. दोन्ही पद्धती चालतात, पण कुठली वापरली ते पोस्टरच्या तळाशी एका ओळीत लिहायला हवं. हॉर्न वाजवणाऱ्याला लाज वाटावी म्हणून आपणच माप फुगवलं, तर उद्या कुणी हिशोब मागितल्यावर आपल्याकडे उत्तर नसेल.

देवनागरीत उंची मोजताना शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. वरच्या-खालच्या मात्रा धरल्या तर 'पों' आणि 'झोप' यांची तुलनाच चुकते.

संगणकावर करताना

पहिली पायरी ऐकण्याची. आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. त्यात आवाजाचं 'स्पेक्ट्रोग्राम' दिसतं: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर पट्टी आणि आवाज किती मोठा ते रंगातून. पोस्टरचा कच्चा नकाशा इथेच मिळतो. फिनलंडच्या ऊना रायसानेन यांनी २०१२ मध्ये डायल-अप मोडेमच्या आवाजाचं असंच चित्र करून त्यातला प्रत्येक टप्पा समजावून सांगितला होता. तो किंचाळा म्हणजे किती शिस्तबद्ध संभाषण होतं, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

दुसरी पायरी अक्षरवळण निवडण्याची. मोठेपणा जाडीतून दाखवायचा असेल, तर एकाच घराण्यात बारीक ते जाड अशा अनेक पायऱ्या असलेला फॉन्ट हवा. मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्त' हा मोफत फॉन्ट सात जाडींत मिळतो. त्यांचाच 'मोदक' इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या आतली पांढरी जागा जेमतेम उरते. भोंगा किंवा ढणढणणारा स्पीकर यांसाठी तो शोभतो, घड्याळाच्या टिकटिकीसाठी नाही.

तिसरी पायरी अक्षरं हलवण्याची, आणि इथेच देवनागरीत काम करणारे अडखळतात. रोमनमध्ये दोन अक्षरांतलं अंतर वाढवलं तर काही बिघडत नाही. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि न मागितलेला आवाज कागदावर येतो. अंतर वाढवायचं असेल तर आधी अक्षरांचं रेखाचित्रात रूपांतर करून घ्या, मग मधली रेघ हाताने जोडा किंवा ठरवून तोडा.

तसंच 'ट्रिं' हे आपल्या डोळ्यांना एकच अक्षर. संगणक मात्र त्यात ट, हलन्त, र, ऱ्हस्व इकार आणि अनुस्वार असे पाच संकेत साठवतो. त्यांचे सुटे तुकडे करून कागदभर पसरले तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. तुकडे करायचे ते नेहमी पूर्ण अक्षराच्या सीमेवर. इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी नीट जुळते. काही जुन्या प्रोग्राममध्ये इकार भलत्याच जागी जातो, म्हणून छपाईला देण्याआधी पोस्टर मोठ्यानं वाचा.

संगणक हवाच असं नाही. बोरू, ब्रश किंवा रुंद पट्टीचं पेन घेऊन हाताने केलेली अक्षरं खरखरीत आवाजांना जास्त शोभतात. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी स्वतः सुलेखनकार आणि कवी होते आणि पवईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्रात शिकवत. संगणकावरची देवनागरी घडवणारा हातही आधी कागदावर अक्षरं काढणारा होता.

पोस्टर जमलं की नाही, कसं ओळखायचं?

एक सोपी परीक्षा आहे. ज्याला विषय माहीत नाही अशा माणसासमोर पोस्टर धरा आणि फक्त एवढंच सांगा: 'हे मोठ्यानं वाचा.' त्याने कुठे आवाज चढवला, कुठे थांबला, कुठे लांबवलं हे ऐका. तीन वेगवेगळ्या माणसांनी साधारण सारखंच वाचलं तर पोस्टर बोलतंय. तिघांनी तीन तऱ्हांनी वाचलं, किंवा 'छान आहे' म्हणून गप्प बसले, तर नियम कुठेतरी सुटला आहे.

तरुणांना आणि वयस्करांना वेगवेगळं विचारा. नोकियाचा मेसेज ज्याने कधी ऐकलाच नाही, त्या पंधरा वर्षांच्या मुलीने 'टि टि टि, टीऽ टीऽ, टि टि टि' बरोबर लयीत वाचलं, तर कागदाने तो आवाज तिच्यापर्यंत पोहोचवला. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठीही आवाज किती लांब, किती मोठा, किती वेळा, एवढं अशा पोस्टरवर डोळ्यांना दिसतं. तो ऐकण्याचा पर्याय नाही, पण शेजारचा कशाने दचकला हे त्यातून समजू शकतं.

या कामाला तसं महत्त्वही आहे. यंत्रांचे आवाज यंत्रांबरोबर नाहीसे होतात. डायल-अप गेलं, टाइपरायटर गेले, फिरवायच्या डायलचा फोन गेला. जर्मनीत 'कन्झर्व्ह द साउंड' नावाचा एक ऑनलाइन संग्रह अशा लोप पावणाऱ्या वस्तूंचे आवाज जपून ठेवतो. पोस्टर ध्वनिमुद्रणाची जागा घेऊ शकत नाही. पण तो आवाज आपल्या भाषेत आपल्या कानाला कसा ऐकू आला, हे ध्वनिमुद्रण सांगत नाही. ते 'खर्रर्र' की 'घुर्रर्र', 'टिंग' की 'टुंग', हे ऐकणाऱ्यालाच लिहावं लागतं.

सुरुवात करायची असेल तर आज घरातल्या एकाच यंत्राचा आवाज निवडा, शक्यतो जुन्या. मिनिटभर ऐका, त्याची आठ स्पेलिंग लिहा, घड्याळ लावून लांबी मोजा आणि एक सेंटिमीटर म्हणजे किती ते ठरवा. उरलेल्या कामाला एक कागद आणि एक जाड पेन पुरतं.